राजवाडी, तुरळ, उन्हवरे : सह्याद्रीच्या पायथ्याची गरम पाण्याची कुंडं

सावरी

नमस्कार मंडळी,

मुंबई-गोवा महामार्गावरून वर्षानुवर्षं ये-जा करणारे कितीतरी लोक तुरळला गरम पाण्याचं कुंड आहे हे ऐकून असतात, पण गणपतीपुळ्याला वेळेत पोचायचं म्हणून गाडी थांबवत नाहीत. हा धागा मुख्यतः त्यांच्यासाठी. जे जाऊन आलेत त्यांनीही लिहा, कारण या कुंडांबद्दल नेटवर जे सापडतं ते बहुतेक एकमेकांवरून उतरवलेलं आहे.

चिपळूण सोडून संगमेश्वरकडे निघालं की आधी आरवली लागतं, मग तुरळ, आणि तिथून आत वळलं की राजवाडी. तिन्ही गावांत गरम झरे आहेत आणि तिन्हींची ऊब वेगळी. आरवलीचं पाणी साधारण ४० अंशांचं, म्हणजे घरी बंबातलं पाणी विसणून घेतो तसं. तुरळचं थेट ६० अंशांच्या घरात. राजवाडीचं या दोघांच्या मधलं. तुरळचं कुंड रस्त्याजवळ असल्यामुळे तिथे सतत कुणी ना कुणी असतं. मला स्वतःला राजवाडी जास्त आवडतं, आणि त्याचं कारण नुसतं पाणी नाही, आजूबाजूचं रान आहे.

गाव डोंगराच्या कुशीत आहे. पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत, भोवती ऐन, किंजळ, फणस, काजू. सोमेश्वराचं मंदिर कौलारू. आत गेल्यावर पहिल्यांदा मान वर जाते ती लाकडावरचं कोरीव काम बघायला. त्यासाठी निवांत वेळ काढा, कुंडाकडे धावू नका. कुंड मंदिराच्या जवळच, झाडांच्या सावलीत आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर गेलात तर पाण्यावर वाफ दिसते, दहानंतर उन्हात ती विरते.

आम्ही गेलो तेव्हा आई बरोबर होती. तिचे गुडघे गेली काही वर्षं कुरकुरतात. पायरीवर बसून तिने आधी फक्त पावलं बुडवली, मग पोटऱ्या. पाणी इतकं नितळ होतं की तळातून निघणारे बुडबुडे एकाखाली एक ओवल्यासारखे वर येताना दिसत होते. ते तिच्या बोटांना लागून फुटायचे तशी ती हसायची. बाहेर आल्यावर बघितलं तर तिच्या जोडव्यांवर काळपट झाक आलेली. गंधकाचा वास अगदी हलका येतो, पण चांदीला तो बरोबर कळतो. (घरी रांगोळीने घासल्यावर जोडवी पूर्ववत झाली. तरी चांदीचे दागिने काढून ठेवलेले बरे.)

कळकळीने सांगायचं ते एवढंच की कुंडात साबण आणि शांपू वापरू नका. डब्यातलं जेवण कुंडाच्या काठावर उघडू नका. आणि आंघोळ करणाऱ्या लोकांचे फोटो, व्हिडिओ काढू नका. तिथे गावातल्या बायका, म्हातारी माणसं रोजच्या आंघोळीला येतात. आपण त्यांच्या न्हाणीघरात पाहुणे म्हणून गेलेलो असतो.

दापोलीकडच्या उन्हवऱ्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलं तर बरं होईल. मी तिथे पावसाळ्यात गेले होते आणि पन्हाळेकाजीची लेणी बघण्यातच दिवस संपला.

---

नवखी_भटकी

वाचनखूण साठवली! दोन शंका. बायकांसाठी वेगळी सोय आहे का? आणि हिमाचलातल्या मणिकर्णला कुंडात भात शिजवतात तसा इथे शिजतो का?

---

सावरी

@नवखी_भटकी, सोय आहे, पण शहरातल्या तरणतलावासारखी कपडे बदलायची खोली मनात धरून जाऊ नका. जुना सुती पंजाबी ड्रेस घालून उतरायचं, वर पंचा गुंडाळायचा. एक तांब्या जवळ ठेवा. थेट उतरवत नसेल तर काठावर बसून तांब्याने अंगावर घेता येतं, आणि मला तर तेच जास्त सुखाचं वाटतं. ओल्या कपड्यांसाठी पिशवी आणि कोरडा जोड गाडीत हवाच.

भाताचं जाणकार सांगतील.

---

घाटमाथा

छान धागा. मला नेहमी प्रश्न पडतो की खाली पाणी तापतं कशाने? लहानपणी आम्हाला सांगायचे की खाली ज्वालामुखी आहे. कोयनेचा भूकंपही त्याच पट्ट्यात झाला. मग काळजीचं काही आहे का?

---

खडकवेडा

@घाटमाथा, ज्वालामुखी नाही, निर्धास्त राहा. सह्याद्रीचा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, लाव्ह्यातूनच झाला हे खरं, पण त्याला साधारण ६.६ कोटी वर्षं झाली. तो लाव्हा कधीच थंड झालाय. कुंडातल्या उष्णतेशी त्याचा संबंध नाही.

जमिनीखाली जसजसं खोल जावं तसतसा खडक गरम होत जातो. साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. हे जगात जवळपास सगळीकडे घडतं. कोकणात वेगळं आहे ते एवढंच की इथे खडकाला खोलवर गेलेल्या भेगा आहेत आणि त्या उभ्या आहेत. घाटावर आणि पायथ्याला पडणारा पाऊस या भेगांतून खाली मुरतो, खोल जाऊन तापतो आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतो. आता हिशोब करा. पाऊस २७ अंशांचा आणि झरा ७० अंशांचा, तर ते पाणी किमान दीड किलोमीटर खोल जाऊन आलेलं असणार. वर येताना ते थोडं निवतं, भूपृष्ठाजवळच्या थंड पाण्यात मिसळतं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त खोल.

नकाशा उघडून पालघरकडची कोकनेर, सातिवली, मग अकलोली-गणेशपुरी, रायगडात पालीजवळचं उन्हेरे, पुढे उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूरजवळचं उन्हाळे या जागांवर खुणा करा. किनाऱ्याला समांतर अशी जवळजवळ सरळ ओळ दिसेल, ३०० किलोमीटरहून लांब. झरे कुठेही उगवत नाहीत. जिथे भेगांची रेघ आहे तिथेच ते येतात. एवढ्या मोठ्या महाराष्ट्रातले बहुतेक गरम झरे नेमके पायथ्याच्या या अरुंद पट्टीत का, याचं उत्तर त्या रेघेत आहे.

कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. त्यानंतर अभ्यासासाठी कोयना भागात खोल विंधनविहिरी घेतल्या गेल्या. त्यात असं दिसलं की बेसॉल्टची जाडी तिथे सुमारे ९३० मीटर आहे आणि त्याखाली ग्रॅनाईटच्या जातीचा, कितीतरी जुना खडक आहे. आपली कुंडं भरतात ते पाणी अशा दोन युगांच्या खडकांतून फिरून येतं असं मानायला जागा आहे. पाण्यात क्षार बरेच असतात, त्यात मीठ आलंच. जिभेला ते कळतं, पण पिऊ नका.

भाताबद्दल. मणिकर्णचं पाणी ९० अंशांच्या वर जातं, म्हणून तिथे तांदूळ आणि हरभरे पोटलीत बांधून सोडले की शिजतात. कोकणातलं सगळ्यात गरम पाणी उन्हवऱ्याचं, साधारण ७० अंश. तेवढ्यात अंड्याचा पिवळा बलक घट्ट होईल, भात होणार नाही.

---

घाटमाथा

इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून धन्यवाद.

---

गावाकडचा

मी याच भागातला. सावरीताई, साबणाचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

आमच्याकडे लावणीच्या दिवसांत बायका दिवसभर चिखलात वाकून असतात. संध्याकाळी पाठ सरळ होत नाही. त्या सरळ कुंडावर जातात. घरी परत जाऊन चूल पेटवायची असते, त्याआधीची ती अर्धी घटका त्यांची हक्काची. माझी आजी म्हणायची, या पाण्याला लाकूड लागत नाही म्हणून ते देवाचं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी चार गाड्या भरून माणसं येतात, मोठ्याने गाणी लावतात आणि बायका काठावरूनच परत फिरतात, हे बघवत नाही. पर्यटक नको असं कुणी म्हणत नाही. चहावाल्याचं, घरगुती जेवण देणाऱ्यांचं पोट त्यावर चालतं. फक्त सकाळी लवकरची आणि संध्याकाळची वेळ गावासाठी सोडा, मधल्या वेळात या.

---

घाटमाथा

@गावाकडचा, तुमचं म्हणणं पटतं. पण मग एखादं नीट पर्यटन केंद्र का उभारू नये? पाणी नळाने वेगळ्या बांधलेल्या खोल्यांत न्यायचं, तिकीट लावायचं, गावातल्या पोरांना नोकऱ्या मिळतील. कुंड गावाला मोकळं राहील.

---

गावाकडचा

@घाटमाथा, कागदावर बरं दिसतं. पण झऱ्याचं पाणी ठरलेलं आहे. ते नळाने खोल्यांत नेलं की कुंडात काय उरणार? आणि एकदा तिकीट लागलं की पहिल्यांदा बाहेर राहते ती गावातली म्हातारी, पैसे देऊन आंघोळ करणं तिला कधी सुचणारच नाही. मला विचाराल तर दोन गोष्टी करा. बायकांना कपडे बदलायला आडोसा आणि कचऱ्याचा डबा जो कुणीतरी रोज उचलेल. बाकी काही नको.

---

खडकवेडा

गावाकडचा यांच्या मुद्द्यात भूशास्त्रही आहे. झऱ्याच्या तोंडाशी खोदकाम केलं, सिमेंटने चुकीच्या जागी बांधून काढलं किंवा शेजारी खोल बोअर मारली, तर पाण्याची वाट बदलू शकते. भेग डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ती कुठे जाते याचा अंदाज बांधून खोदणं धोक्याचं. अशा झऱ्याच्या आसपास बोअरला परवानगीच देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

ओसाकाकर

मी कामानिमित्त जपानात राहतो. इथे अशा झऱ्यांना ओनसेन म्हणतात आणि त्यांच्यासाठी १९४८ पासून स्वतंत्र कायदा आहे. पाणी उगमाशी २५ अंश किंवा जास्त असावं, नाहीतर त्यात ठरावीक क्षार असावेत, तरच ते ओनसेन. कायद्यापेक्षा मला इथली रीत मोलाची वाटते. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं, फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी ओतायचं, आणि मग नुसत्या स्वच्छ अंगाने कुंडात शिरायचं. केस वर बांधायचे. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. आवाज हळू ठेवायचा. कॅमेरा आत नेणं तर सोडूनच द्या. डोंगरातल्या एखाद्या लहानशा गावात पहारेकरी नसतानाही हे पाळलं जातं, कारण पहिल्यांदा येणाऱ्याला शेजारची आजी शांतपणे सांगते.

मला वाटतं आपल्याकडेही मंदिराच्या कमिटीने मराठीत चार ओळींची पाटी लावली तरी फरक पडेल. पायावर पाणी घेतल्याशिवाय आपण देवळात जात नाही. तीच सवय आहे, फक्त कुंडापर्यंत न्यायची.

---

चाफा

मी डॉक्टर आहे, त्यामुळे थोडं सावधगिरीचं लिहिते.

गरम पाण्याने स्नायू सैल होतात, सांध्यांचा ताठरपणा काही काळ कमी होतो, झोप चांगली लागते. सावरीच्या आईंना आराम वाटला तो खरा आहे. पण "गंधकाच्या पाण्याने त्वचेचे सगळे रोग जातात" असं ऐकून औषधं बंद करून आलेले रुग्ण मी बघितलेत. तसं कृपया करू नका. उघडी जखम किंवा चिघळलेला इसब असेल तर सार्वजनिक कुंडात उतरूच नका, तुमच्यासाठीही आणि दुसऱ्यांसाठीही.

६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजतं. तुरळ, उन्हवऱ्याला झऱ्याच्या तोंडाशी हात घालू नका. आधी विचारा, मग कोपराने अंदाज घ्या. मधुमेह जुना असेल आणि तळपायांची जाणीव कमी झाली असेल तर अधिक जपा. अशा माणसाला पाय भाजलेला कळतच नाही, फोड आल्यावर कळतो. हे मी दवाखान्यात बघितलंय, म्हणून जोर देऊन सांगते.

गरम पाण्यात रक्तवाहिन्या फुगतात आणि रक्तदाब उतरतो. म्हणून एकदम उठून उभं राहिलं की चक्कर येते, आणि ओल्या दगडावर पडणं सोपं असतं. दहा मिनिटं बसा, बाहेर या, पाणी प्या, वाटलं तर पुन्हा बसा. हृदयविकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून जावं. गरोदर बायकांनी पाय बुडवण्यावर समाधान मानावं. दारू पिऊन तर अजिबात उतरू नका.

आणखी एक. डोकं पाण्याखाली घालू नका, मुलांना बुड्या मारू देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात एक अमीबा वाढतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. केरळात २०२४ साली असे रुग्ण सापडले होते. हा आजार फार दुर्मीळ, पण जीवघेणा. नाक पाण्याच्या वर ठेवलं की प्रश्न मिटला.

---

खान्देशी_कळणा

कोकणाचंच चाललंय, जरा सातपुड्याकडेही या!

चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं जंगल, आणि तिथे दगडी गोमुखातून बारमाही गरम पाण्याची धार कुंडात पडते. शरभंग ऋषींचा आश्रम तिथे होता आणि रामाने बाण मारून पाणी काढलं अशी कथा सांगतात. खालचं जंगल सागाचं. उन्हाळ्यात पानं गळून सगळं उघडंबोडकं होतं, तेव्हा जाऊ नका. पाऊस संपल्यावर डोंगर हिरवा असताना जा, आणि येताना कुणाच्या तरी शेतात भरीत-भाकरी जमवा, तेव्हा सहल पुरी होते.

आजूबाजूच्या पाड्यांवर पावरा आणि तडवी भिल्ल समाजाची वस्ती आहे. जंगलात आत शिरायचं असेल तर तिथल्याच माणसाला बरोबर घ्या.

नावाचा घोळ होऊ देऊ नका. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याकडे दऱ्याजवळही एक उनपदेव आहे. गुगलवर नाव टाकून निघालात तर भलत्याच जिल्ह्यात पोचाल.

---

मराठवाड्याची_लेक

शरभंग ऋषींची कथा आमच्या उनकेश्वरालाही आहे! किनवट तालुका, नांदेड जिल्हा. तिथेही गरम पाण्याचं कुंड, तिथेही जवळ सागाचं जंगल आणि पैनगंगा. त्वचेच्या तक्रारी घेऊन लोक लांबून येतात. चाफा यांचं लिहिणं तिथल्या भिंतीवर लावायला हवं.

---

वसईवाला

मुंबईकरांना एका दिवसात जाऊन यायचं तर वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. तानसा नदीच्या काठाने कुंडं आहेत. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई जिंकल्यावर नवसफेडीसाठी बांधवलं असं सांगतात, पायऱ्या चढून वर गेलं की किल्ल्याचाच भास होतो. गणेशपुरीला नित्यानंद बाबांची समाधी. पण शनिवार-रविवारची गर्दी इतकी असते की सावरी यांनी लिहिलेली शांतता तिथे शोधू नये. मधल्या वारी पहाटे जा. मंदागिरीचा डोंगर समोर असतो आणि हवेत गारवा असतो, तेव्हाच त्या पाण्याची गंमत.

---

सूक्ष्म

कुंडाच्या काठावर, पाणी वाहून जातं त्या चरात हिरवा, कधी केशरी बुळबुळीत थर दिसतो. लोक त्याला शेवाळं समजून खराट्याने घासतात. चालायच्या पायऱ्यांवरचा थर जरूर घासा, पाय घसरतो. पण बाजूच्या चरातला तसाच राहू द्या. ते उष्ण पाण्यात जगणारे जिवाणू असतात आणि त्यांच्यात आपल्या फार उपयोगाच्या गोष्टी दडलेल्या आहेत. अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यात १९६०च्या दशकात असाच एक जिवाणू सापडला. त्याच्यातलं एक विकर (एन्झाइम) उकळीजवळच्या तापमानातही टिकतं, आणि त्याच्यामुळेच पीसीआर चाचणी सोपी आणि सर्रास वापरण्याजोगी झाली. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून जी तपासणी करून घेतली तिचं मूळ एका गरम झऱ्यात आहे. आपल्या कोकणातल्या झऱ्यांमधल्या जिवाणूंवरही अभ्यास झालेत, आणखी व्हायला हवेत.

---

सावरी

किती भर पडली धाग्यात! @सूक्ष्म, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी आधी चराकडे बघणार.

---

दापोलीचा_पाहुणा

उन्हवऱ्याचं राहिलंच होतं, म्हणून लिहितो. दापोली-खेड रस्त्यावर वाकवलीहून आत वळायचं. रस्ता डोंगर उतरत जातो, काही वळणं अशी आहेत की समोरून एसटी आली तर मागे घ्यावं लागतं, तेव्हा अंधार पडायच्या आत परत वर या. झरा इतका तापलेला की उगमाशी कुणी हात लावत नाही. पाणी टाक्यात साठून जरा निवतं, मग आंघोळीला घेतात. पुरुषांसाठी आणि बायकांसाठी वेगळी बांधलेली जागा आहे, त्यामुळे @नवखी_भटकी, बायकांच्या दृष्टीने मला हे ठिकाण सोयीचं वाटलं.

सकाळी पन्हाळेकाजीची २९ लेणी बघा. शैव, बौद्ध, नाथपंथी असं सगळं एकाच डोंगरात कोरलंय. पायपीट करून दुपारी उन्हवऱ्याला या. दमलेल्या पायांना हे पाणी जितकं कळतं तितकं गाडीतून उतरलेल्या पायांना कळत नाही.

---

घाटमाथा

राजापूरची गंगाही गरमच ना? ती कधी येते ते आधी कळतं का?

---

खडकवेडा

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाळे इथलं गरम कुंड बारमाही आहे, साधारण ४० अंशांच्या आसपास. राजापूरची गंगा म्हणजे त्याच्याजवळची १४ कुंडं. ती एरवी कोरडी असतात आणि अधूनमधून अचानक वाहू लागतात, काही काळाने थांबतात. तिथल्या कुंडांचं पाणी एकसारख्या तापमानाचंही नसतं. जमिनीखालच्या पोकळीत पाणी ठरावीक पातळीपर्यंत भरलं की सायफनसारखं ओढलं जातं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. तारीख मात्र आधी सांगता येत नाही. गंगा आली की बातमी येते, तेव्हा निघायचं.

---

नवखी_भटकी

सगळं वाचून आता आवरतच नाही. गाडी नाही, बरोबर अडीच वर्षांची लेक आणि सासूबाई. जमेल का? आणि लेकीला पाण्यात घेऊ का?

---

चाफा

लेकीला नको. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं आणि त्यांना ते सांगता येत नाही. आरवलीसारख्या कोमट पाण्यात तुमच्या मांडीवर बसवून पावलं भिजवा, तेवढ्यानेच ती खूश होईल. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर त्यांना पायरीवरच बसवा आणि उठताना हात द्या.

---

सावरी

जमेल की! कोकण रेल्वेने आरवली रोड किंवा संगमेश्वर रोड स्टेशनला उतरा. आधी फोन करून रिक्षा ठरवून ठेवा, स्टेशनवर ती मिळेलच असं नाही. संगमेश्वरला राहिलात तर कसब्यातलं कर्णेश्वराचं देऊळ चुकवू नका, आणि सासूबाईंना चालवत असेल तर देवरुखमार्गे मार्लेश्वरही होईल, तिथे मात्र पायऱ्या पुष्कळ आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. निघायच्या आदल्या दिवशी @गावाकडचा यांना इथेच विचारा, कुंड साफ करायला उपसलेलं असलं तर तेवढा दिवस पुढे ढकला.

---

गावाकडचा

विचारा, सांगतो. आणि जेवायचं असेल तर सकाळीच कळवा, घरी माणसं मोजून तांदूळ घेतात.